स्वतःच्या प्रकल्पात जीव कशात आहे, हे आधी कसं ओळखायचं? (बेदाणा शेडचा अनुभव)

द्राक्षबाग_सावळज | २ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. या हंगामात माझ्या हातून एक गोष्ट चुकली, ती सविस्तर लिहितो. नोकरी सांभाळून रात्री घरी काहीतरी बनवत बसणारे इथं पुष्कळ आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

आमची बाग सावळजला, तासगाव तालुक्यात. बेदाण्याचं शेड मात्र नागजजवळ, भाड्यानं घेतलेलं. तिकडची हवा कोरडी आणि वारं मोकळं, म्हणून. ज्यांनी बेदाणा होताना बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: द्राक्षं उतरवली की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यानं सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग रॅकवर, एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर घड पसरायचे. थेट ऊन लागू द्यायचं नाही, वारं खेळू द्यायचं. पंधरा दिवसांच्या आसपास माल वाळतो. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. या पंधरा दिवसांत वळवाच्या पावसाचा सपकारा आत आला की माल काळा पडतो, चिकट होतो, आणि सौद्याला त्याचा भाव निम्म्यावर येतो. म्हणून शेडच्या चारी बाजूंनी पडदे असतात. आभाळ भरून आलं की सोडायचे आणि खाली बांधायचे. दोन गडी असले तर आमच्या शेडचे सगळे पडदे बांधून व्हायला पाऊण तास जातो.

आबा सावळजला, शेड नागजला. मध्ये तासाभराची वाट. फेब्रुवारी ते एप्रिल आबांचं जेवणात लक्ष नसतं. दिवसातनं दहादा अंगणात येऊन पूर्वेकडं बघतात आणि शेडवरच्या गड्याला फोन लावतात. गडी कधी फोन उचलतो, कधी रॅकवर चढलेला असतो. आबांचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच: "आभाळ कसं आहे? पडदे सोडायचे का?"

मी सांगलीत नोकरी करतो, इलेक्ट्रॉनिक्सचं काम हाताला आहे. ऑक्टोबर छाटणी उरकली तेव्हा ठरवलं की शेडमध्ये तापमान आणि आर्द्रता मोजणारं यंत्र बसवायचं. ईएसपी३२ नावाचा बारका प्रोग्राम करता येणारा बोर्ड, एक सेन्सर, फोन लावायला सिम८००एल हा मोबाईल सिमवर चालणारा सुटा भाग. पहिल्या आठवड्यात टेबलावर आकडे दिसायला लागले. तिथंच खरं तर यंत्र डब्यात घालून नागजला न्यायला हवं होतं.

पण मी वेगळ्याच वाटेला लागलो. म्हटलं आकडे साठवले पाहिजेत, मग सर्व्हर घेतला. सर्व्हर आहे तर आलेख हवेत. आलेख आहेत तर गावातले बाकीचे बागायतदारही वापरतील, मग प्रत्येकाला वेगळं लॉगिन. मराठी-इंग्रजी बदलायची सोय. रात्रीसाठी काळी पार्श्वभूमी. नावावर तीन दिवस विचार केला, चिन्हावर एक आठवडा. डिसेंबरात छापील सर्किट बोर्ड मागवला, त्यात एक जोडणी उलटी गेली, पुन्हा मागवला. जानेवारीत खोका थ्रीडी प्रिंटरवर करून घेतला, त्याचं झाकण नीट बसेना म्हणून पुन्हा केला. दररोज रात्री दोन-दोन तास. एकाही रात्री मी आळस केला नाही. सगळी कामं खरी होती आणि प्रत्येक झालं की बरं वाटायचं. घात इथंच होतो असं आता वाटतं. काम सरकत असल्याचं समाधान रोज मिळत होतं, त्यामुळं आपण कुणीकडं चाललोय हे विचारायची गरजच पडली नाही.

फेब्रुवारीत डिपिंग सुरू झालं. यंत्र टेबलावर.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारला वारं सुटलं. एक गडी बाजाराला गेलेला, दुसरा एकटा. आबांनी फोन लावला तेव्हा तो पडद्यांशीच झटत होता, फोन वाजला ते त्याला कळलंच नाही. पूर्वेच्या बाजूचे चार रॅक भिजले. माल सातव्या दिवसाचा, म्हणजे अर्धा वाळलेला. रात्री मी गेलो तेव्हा आबा बॅटरी घेऊन जाळीवरचे घड हातानं उलटे करत होते. एक मणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. बोटाला चिकटत होता. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं ते यंत्र यासाठीच होतं ना रे?"

त्यानंतरच्या दोन रात्रींत यंत्र लागलं. उघडा बोर्ड, स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा डबा, त्याला तापलेल्या सळईनं पाडलेली भोकं, दोन लिथियम सेल. सर्व्हर काढून टाकला, आलेख काढले. यंत्रानं करायचं एकच: हवा पालटली की मिस्ड कॉल द्यायचा.

त्यातही खरा प्रश्न कुठं होता ते शेडमध्ये गेल्यावर कळलं. कॉल लावताना सिम८००एल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं, त्या झटक्यानं बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. घरी बारक्या चार्जरवर हे कधी दिसलं नव्हतं कारण घरी मी कॉल लावूनच बघितला नव्हता. चार महिन्यांत एकदाही नाही! एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून झटक्याच्या वेळी पुरवणारा भाग) टाकला आणि ते मिटलं. मग पहिले चार दिवस यंत्र रोज पहाटे वाजायला लागलं, कारण पहाटे आर्द्रता आपोआप चढते. पाचव्या दिवशी आबांनी फोन उशाखाली सारला. ज्या घंटीवर माणूस विश्वास ठेवत नाही ती घंटी बसवून काय उपयोग? मग आर्द्रतेचा नुसता आकडा सोडला आणि दिवसा पाव तासात तापमान चार अंशांनी उतरलं तरच वाजायचं असं ठरवलं. वळवाच्या आधी गार वाऱ्याचा झोत येतो तो पकडायचा.

तरीही तो झोत आणि पाऊस यात पाऊण तास कुठला मिळायला! यावर तोडगा आबांनी काढला. शेजारच्या दोन शेडच्या गड्यांशी बोलले. आता मिस्ड कॉल तिन्ही शेडवर जातो, आणि ज्याच्याकडं वारं आधी त्याच्याकडं सगळे आधी धावतात. सहा जण असले की एक शेड पंधरा मिनिटांत बांधून होतं. एप्रिलमध्ये दोनदा वाजलं, दोन्ही वेळा माल कोरडा राहिला.

तर माझा प्रश्न. तुम्ही स्वतःसाठी किंवा घरासाठी काही बनवता तेव्हा त्यातली जीवाची गोष्ट कोणती आणि वरची सजावट कोणती, हे सुरुवातीलाच कसं ओळखता? मला ते चार रॅक घालवल्यावर कळलं.

---

कृष्णाकाठ_गावभाग | २ जून, रात्री ११.१५

दादा, वाचताना पोटात कालवलं. आबांना नमस्कार सांगा.

माझा अनुभव पुराचा आहे. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. पावसाळ्यात आमच्याकडं 'जेवलात का' च्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. १९२९ साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला, तेव्हापासून तिथलं पाणी हेच आमचं घड्याळ. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात माळ्याखालचं सगळं गेलं.

त्यानंतर मी एक अ‍ॅप करायला घेतलं. पुलाची पातळी, कोयनेचा विसर्ग, नकाशा, रंग, मागच्या वर्षांचे आलेख. दीड वर्ष करत होते. आजीला मोठ्या हौसेनं दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण पाणी मारुतीच्या कोपऱ्याला कधी लागंल?"

ते माझ्या अ‍ॅपमध्ये नव्हतं. आजीच्या डोक्यात होतं. पुलाला इतकं झालं की कोपऱ्याला, तितकं झालं की आमच्या दुसऱ्या पायरीला, आणखी दोन फुटांनी शेजारच्या काकूंच्या चुलीपाशी. २००५ चं आणि २०१९ चं पाणी तिनं भिंतीवर खिळ्यानं ओरखडून ठेवलंय. शहाण्यासुरत्या माणसाला पुलाचा आकडा मोबाईलवर कुठंही मिळतो. आपल्या दारात तो आकडा म्हणजे काय, हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही.

मग मी लॅपटॉप मिटला आणि वही घेऊन गल्लीत फिरले. बावन्न घरं. प्रत्येक घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला दोनच प्रश्न: तुमच्या पायरीला पाणी लागलं तेव्हा पुलाला किती होतं, आणि सामान वर चढवायला तुम्हाला किती तास लागतात. सगळ्यांचं जुळायचं नाही. एक काका ४४ म्हणायचे, त्यांची वहिनी ४५. मग दोघांना समोरासमोर बसवून, त्या दिवशी कुणाचं काय चाललं होतं ते आठवत आठवत आकडा पक्का करायचा. तीन आठवडे लागले. शेवटी एक पान झालं. झेरॉक्स काढून प्रत्येक घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. आता पुलाचा आकडा कळला की कुणी मला फोन करत नाही, दारामागं बघतात.

अ‍ॅप अजून आहे. त्यात ते पान तेवढं ठेवलंय.

---

कुपवाड_लेथ | ३ जून, सकाळी ७.०५

दोन्ही अनुभव चांगले, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. आपल्या प्रकल्पाला लगेच कुणाच्या तरी उपयोगी पडायची सक्ती का? दिवसभर कंपनीत दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणं जॉब काढतो. रात्री घरी पितळेचं छोटं वाफेचं इंजिन करतोय, तीन वर्षं झाली. त्याचं चाक चकचकीत करण्यात एक महिना घालवला. त्याचा कुणाला काही उपयोग नाही. पण सूताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) शंभराव्या भागापर्यंत हात कसा जातो ते मला त्या चाकानं शिकवलं. सावळजकर, तुम्ही सर्व्हर केला, लॉगिन केलं, त्यातून तुम्ही शिकलातच की. ते वाया गेलं असं म्हणू नका.

---

द्राक्षबाग_सावळज | ३ जून, दुपारी १.३०

लेथदादा, तुमचं म्हणणं पटलं, आणि त्यानंच माझी चूक मला जास्त स्पष्ट दिसली. तुमच्या इंजिनात जीवाची गोष्ट म्हणजे तुमचा हात. त्यामुळं महिनाभर चाक घासणं हेच मुख्य काम. माझ्या यंत्रात जीवाची गोष्ट होती आबांची झोप. मी शिकत होतो शिकण्यासाठी आणि घरात सांगत होतो की आबांसाठी करतोय. शिकायचंच होतं तर तसं सांगून वेगळ्या बोर्डावर, पावसाळ्यात सवडीनं शिकायला हवं होतं. हंगामाला तारीख असते, शिकण्याला नसते.

कृष्णाकाठ ताई, दारामागचं पान मनात घर करून बसलं. दोघांना समोर बसवून आकडा पक्का करणं हे तर सगळ्यात अवघड काम असणार.

---

जवारी_मिरज | ३ जून, रात्री १०.२०

माझं काम यंत्राचं नाही, तरी लिहितो.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या गल्लीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मी घरातला असूनही शिकायला उशिरा बसलो. नोकरी करत करत स्वतःचा पहिला तानपुरा करायचा असं ठरवलं. भोपळा मंगळवेढ्याकडचा, निवडून आणलेला. दांडी तुनाच्या लाकडाची. आणि मी लागलो नक्षीला. पानं, वेली, पट्टीवरची किनार. आठ महिने नक्षी कोरली. येणारे जाणारे वाहवा करायचे, आणि मी आणखी कोरायचो.

चाचांनी (थोरले चुलते, साठ वर्षं याच कामात) तो हातात घेतला. नक्षीकडं बघितलंच नाही. मांडीवर घेऊन खर्जाची तार छेडली, कान दांडीला लावला आणि परत दिला. म्हणाले, "बेटा, हा बोलत नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. तानपुऱ्याची तार घोडीवरनं जाते. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते आणि तिथून तो भरलेला, लांबणारा आवाज निघतो. तो उतार काढणं म्हणजे जवारी काढणं. कानस दोनदा जास्त फिरली की आवाज मेला, पुन्हा पहिल्यापासून. मग तारेखाली सुताचा दोरा सारून तो नेमका कुठं थांबवायचा ते शोधायचं. केसाएवढा इकडं तिकडं झाला तरी सूर मिटतो.

चाचांनी मला नंतर चार महिने फक्त जवारी करायला लावली, तीही जुन्या, मोडक्या, बिननक्षीच्या तानपुऱ्यावर. रोज काढायची, ऐकायची, पुसून टाकायची. मला नक्षी का आवडायची हे तेव्हा कळलं. नक्षी चुकली तर डोळ्याला दिसते आणि सुधारता येते. जवारी चुकली तर नुसतं कळतं की चुकली, का ते कळत नाही. ज्या कामात आपण हरण्याची भीती जास्त, तिथून माणूस लांब लांब राहतो आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं नीटनेटकं करत बसतो. सावळजकर भाऊ, तुम्ही चार महिन्यांत एकदाही कॉल लावून बघितला नाहीत, ते वाचून मला माझी नक्षी आठवली.

माझ्यापुरतं उत्तर हेच: ज्या भागाला हात लावायला मन कचरतं, बहुतेक वेळा जीव तिथंच असतो.

---

कृष्णाकाठ_गावभाग | ३ जून, रात्री १०.४५

जवारी भाऊ, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं. गल्लीतल्या लोकांना विचारायला जायचं मी वर्षभर टाळत होते. नकाशा रंगवणं सोपं होतं.

---

ओतकाम_निवृत्त | ४ जून, सकाळी ६.३०

मुलांनो, मी किर्लोस्करवाडीच्या परिसरात ओतकामात पस्तीस वर्षं काढली, आता घरी असतो. दोन गोष्टी सांगतो.

पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, ओतून आलं की आधी त्यात पाणी भरून दाब देतात. पाझर दिसला तर तो नग बाजूला. रंग नंतर. हा क्रम कधी उलटा करायचा नाही, कारण रंगानं सुईच्या टोकाएवढी भोकं बुजतात, दाबाला तात्पुरती टिकतात, आणि पंप विहिरीवर गेल्यावर फुटतात. आमचे फोरमन नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगायचे. सावळजच्या चिरंजीवांनी रंग आधी दिला, दाब नंतर दिला. बाकी त्यांच्या कामात खोट नव्हती.

दुसरी गोष्ट नांगराची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तो १९०३ साली, बेळगावात. किर्लोस्करवाडी त्यानंतर, १९१० ची. नांगर चांगला होता, तरी सुरुवातीला घ्यायला माणूस मिळेना. लोखंडानं जमीन नासते अशी लोकांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. मी तरुणपणी हे ऐकायचो तेव्हा वाटायचं, लोक अडाणी होते. आता तसं वाटत नाही. ज्याचं वर्षाचं पोट एका नांगरटीवर आहे तो परक्या वस्तूला सहजासहजी हात लावणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्याची भीती हाही त्या कामाचाच भाग धरला पाहिजे. तुमच्या आबांनी फोन उशाखाली सारला ना, तसंच ते. यंत्र वाजणं हे अर्धं काम. आबांनी उठणं हे उरलेलं अर्धं.

शेजारच्या शेडची माणसं जोडली हे फार चांगलं केलंत. ते कुठल्या दुकानात मिळत नाही.

---

माणदेशी_वाघूर | ४ जून, रात्री ११.५५

हा धागा तीन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्यातला. आमचं घर मेंढरांवर चाललं. आज्जी आयुष्यभर मेंढरांमागं फिरली. तिच्या बोलण्यातले शब्द आता आमच्या पोरांना कळत नाहीत. रात्री मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघूर. लोकर थापून केलेलं जाड अंथरूण म्हणजे जेन. मेंढरू कुठल्या रंगाचं, कान कसे, शिंगं कशी, कितव्या वेताचं, प्रत्येकाला तिच्याकडं एकेक शब्द. मला त्याचा कोश करायचा होता. स्वतःच्या खर्चानं, स्वतःसाठी.

मी सुरुवात कशानं केली? कुठला फाँट माणदेशी मातीला शोभेल, यानं. मग संकेतस्थळ. मग शब्दांची वर्गवारी कशी करायची यावर महिना. भाषाशास्त्राची चार पुस्तकं आणली. नोंदीचा नमुना पाच वेळा बदलला. सुट्टीला गावी जायचो तेव्हा आज्जीला म्हणायचो, "पुढच्या खेपंला सगळं तयार झालं की निवांत बसू." ती म्हणायची, "बस की. मी कुठं जातीय."

गेल्या वर्षी जानेवारीत ती गेली.

माझ्याकडं तिचं अकरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे, फोनवर सहज केलेलं. त्यात ती एका मेंढराची गोष्ट सांगते, मध्ये कुत्रं भुंकतंय, आणि मी दोनदा तिला तोडून दुसरंच काहीतरी विचारलंय. ती अकरा मिनिटं सोडली तर माझ्या दोन वर्षांच्या कामातलं काहीच असं नाही जे मी आज बसून पुन्हा करू शकत नाही. फाँट आजही मिळेल. वर्गवारी आजही होईल.

म्हणून माझं उत्तर असं की कामाची यादी केली की प्रत्येकापुढं लिहायचं, हे पुढच्या वर्षी केलं तर चालेल का. ज्याच्यापुढं 'नाही' येईल ते आज करायचं. जवारी भाऊंचं उत्तर वेगळं आहे, तेही खरं आहे. पण माझ्या बाबतीत मन कचरत नव्हतं. आज्जीशी बोलायला मला आवडायचं. वेळ आहे असं वाटत होतं, इतकंच.

आता दर रविवारी वाड्यावर जातो. आज्जीच्या बहिणी आहेत दोघी, एक आत्या आहे. फोन मध्ये ठेवतो आणि गप्प बसतो. शंभरावर शब्द झालेत. साध्या वहीत आहेत.

---

ओतकाम_निवृत्त | ५ जून, सकाळी ६.१०

माणदेशी, बाळा, रविवारचं चालू ठेव. ती अकरा मिनिटं दोन-तीन ठिकाणी उतरवून ठेव, एका फोनवर ठेवू नकोस.

---

विश्रामबाग_तिसरं_वर्ष | ५ जून, रात्री ९.००

सगळ्यांना नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी आई विश्रामबागला खानावळ चालवते, पंचेचाळीसच्या आसपास मेंबर, बहुतेक हॉस्टेलची मुलं आणि काही नोकरदार. तिच्यासाठी मी अ‍ॅप करतोय. आत्तापर्यंत काय काय ठरवलंय ते सांगतो: महिन्याचं बिल, ऑनलाइन पैसे, आठवड्याचा मेनू, मेंबरांचे अभिप्राय, डबा कुठं पोचला ते नकाशावर, किराण्याचा हिशोब. लॉगिन झालंय, मेनूचं पान झालंय.

हा धागा वाचून मी थांबलो. पण यातली जीवाची गोष्ट कोणती ते मला खरंच ओळखू येत नाही. सगळंच लागणार असं वाटतं. दादा, ताई, काका, कुणीतरी सांगा.

---

द्राक्षबाग_सावळज | ५ जून, रात्री १०.१०

भावा, आम्ही सांगून उपयोग नाही, खानावळ आम्ही बघितलेली नाही. एक कर. उद्या लॅपटॉप उघडू नकोस. दुपारी चार ते रात्री दहा स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात बस. आईला काही विचारू नकोस, नुसतं बघ. ती कुठं थांबते, कुठं चिडते, कुणाला हाक मारते, काय टाकून देते. मी नागजला एक दिवस असा बसलो असतो तर पडदे सोडताना गड्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात हे मला ऑक्टोबरातच कळलं असतं.

---

कृष्णाकाठ_गावभाग | ५ जून, रात्री १०.३०

आणि आईला "तुला काय हवंय" असं विचारू नकोस. ती म्हणेल, "तू करशील ते छानच असेल." "काल कशाचा ताप झाला" असं विचार.

---

विश्रामबाग_तिसरं_वर्ष | ७ जून, रात्री ११.४०

बसलो. दोन दिवस बसलो.

पाच वाजता आई परातीत पीठ घेते. तिला तेव्हा एकच गोष्ट माहीत असायला लागते: आज किती जण जेवणार. आणि नेमक्या त्याच वेळी फोन वाजायला लागतात. "काकू, आज खाडा." "काकू, मी आणि माझा रूममेट, दोघांचा खाडा." आईचे हात कणकेत. ती खांद्यानं फोन कानाला धरते, हो म्हणते, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला मला नाहीतर बहिणीला हाक मारते. आम्ही नसलो तर लक्षात ठेवते. सहा फोनांतले दोन विसरतात. परवा बावीस चपात्या उरल्या. काल तीन डबे कमी पडले आणि आईनं पुन्हा पीठ मळलं, साडेआठला, कंबर धरून. महिनाअखेरीला खाड्यावरनं जी वादावादी होते तीही इथूनच येते.

बिल, मेनू, नकाशा, यातलं काहीही या दोन दिवसांत तिनं एकदाही शोधलं नाही.

एवढं जवळ राहून मला हे दिसलं नव्हतं. त्या वेळी मी आतल्या खोलीत तिच्यासाठीच अ‍ॅप करत बसलेला असायचो.

---

जवारी_मिरज | ८ जून, सकाळी ८.१५

बेटा, आता कोरायला घेऊ नकोस. आधी बोलतंय का बघ.

---

विश्रामबाग_तिसरं_वर्ष | १९ जून, रात्री १०.५०

सावळजकर दादांच्या मिस्ड कॉलवरनं सुचलं. घरात एक जुना अँड्रॉइड फोन पडून होता, त्यात वेगळं सिम टाकलं. मेंबरांना सांगितलं की खाडा असेल तर चारच्या आत या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. फोनवर एक बारका प्रोग्राम आहे, तो कॉलची यादी वाचतो, मेंबरचा नंबर जुळवतो आणि एकच आकडा दाखवतो, अख्ख्या स्क्रीनभर. फोन ओट्यासमोरच्या फळीवर उभा केलाय. आईला हात लावावा लागत नाही.

पहिल्या दिवशी नऊच जणांनी वापरला, बाकीच्यांनी जुन्या सवयीनं आईलाच फोन केला. आई त्यांना म्हणाली, "त्या नंबरावर दे रे बाबा, माझे हात भरलेत." चौथ्या दिवसापासून बरेच जण वळले. एका मेंबरचं दुसरं सिम होतं, त्याचा खाडा धरला गेला नाही, तो गोंधळ झाला. आता अनोळखी नंबर आला की खाली वेगळा दिसतो.

काल पाच वाजता आईनं मान वर करून फळीकडं बघितलं. ३८ होतं. तिनं त्या हिशोबानं पीठ घेतलं. रात्री साडेनऊला टोपलीत दोन चपात्या होत्या, त्या आम्ही दोघांनी खाल्ल्या.

एक अडलंय. रविवारी एकच वेळ असते आणि काही मुलं शनिवारी दुपारीच घरी जातात, त्यांचा खाडा दीड दिवसाचा धरायचा की दोन दिवसांचा यावर आईचं आणि मेंबरांचं जुळत नाही. ते प्रोग्रामात घालण्याआधी आईबरोबर बसून ठरवतो.

---

द्राक्षबाग_सावळज | २० जून, सकाळी ६.४५

आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या पोराच्या आईला सांग, शनिवारी दुपारचा डबा घेतला असेल तर एकच खाडा. आमच्या वेळच्या खानावळीत तसंच धरायचे.